पोंक्षे यांजकडून सप्रेम भेट

यज्ञेश्वर खांबेटे यांनी एका सरकारी खात्याच्या आवक-जावक विभागात बत्तीस वर्षं काढली. कागद आला की शिक्का, तारीख, क्रमांक. कागद गेला की पुन्हा शिक्का, तारीख, क्रमांक. मधल्या काळात त्या कागदाचं काय झालं हे विचारायची त्या खात्यात पद्धत नव्हती. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी त्यांना ‘आपल्या खात्याचा कणा’ म्हटलं आणि त्यांचं आडनाव खांबेकर असं घेतलं. खांबेट्यांनी दुरुस्ती सुचवली नाही. शाल आणि नारळ घेतला, नारळावर शिक्का नाही हे मनातल्या मनात पाहून घेतलं आणि घरी आले.

अशा माणसाला एखादा नाद असेल हे सांगून कुणाला पटलं नसतं, आणि खांबेट्यांनी कुणाला सांगितलंही नव्हतं. दर वर्षी संक्रांतीनंतरच्या आठवड्यात कोरेगाव पार्कातल्या एका बंगल्याच्या आवारात चार दिवसांचा कलामेळा भरतो. कुंभारकाम, तांबटकाम, बांबूकाम, काच. सगळं आजच्या माणसांनी आजच्या घरांसाठी हाताने केलेलं. खांबेटे तिथून दर वर्षी एक वस्तू विकत आणत. एकच. असं करणाऱ्यांना तिथे संग्राहक म्हणतात आणि त्यांच्या घरी वस्तूंवर वरून दिवे सोडलेले असतात. खांबेट्यांच्या सहकारनगरातल्या दोन खोल्यांच्या घरात संग्रह होता, पण त्यात चिंच, लसूण, रक्तदाबाच्या गोळ्या आणि कपड्यांचे चिमटे भरलेले होते.

हे सगळं सुरू झालं ते फाटक चुकल्यामुळे. दहा वर्षांपूर्वी श्यामलाबाईंनी त्यांना त्याच रस्त्यावरच्या गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनातून पुरणयंत्राची जाळी आणायला पाठवलं होतं. जुनी तुटली होती. तुटली नसती तर पाठवलं नसतं, कारण मोडल्याशिवाय नवी वस्तू विकत आणायची नाही हा त्या घरचा कायदा होता. कायदा श्यामलाबाईंचा. त्या शाळेत गणित शिकवत आणि घरातही हातचा सोडत नसत. पण त्या कायद्याची अंमलबजावणी मात्र वर्षानुवर्षं खांबेट्यांनीच केली. मुलीने नवं दप्तर मागितलं की ते जुन्या दप्तराची शिवण उजेडात धरून बघत.

तर ते चुकीच्या फाटकातून आत गेले आणि सुरुची नावाच्या एका कुंभारकाम करणाऱ्या मुलीच्या टेबलापाशी थांबले. पुढ्यात राखाडी रंगाचा एक वाडगा होता.

“काठ वाकडा आहे,” खांबेटे म्हणाले.

“हो.”

“मग कमी करा.”

“मुद्दाम केलाय, काका. सरळ काठ सोपा असतो.”

खांबेटे पुढे गेले. सगळा मेळा फिरले, बाहेर पडले, शेजारच्या मैदानावरून जाळी घेतली आणि पुन्हा आत आले. या वेळी त्यांनी वाडगा हातात घेतला. काठाला जिथे बाक होता तिथे अंगठा आपोआप बसला. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात हातात धरलेली वस्तू त्यांना पहिल्यांदाच इतकी आवडली, आणि त्याचं कारण काही त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी बावीसशे रुपये मोजले. रस्त्यावर आल्यावर त्यांना घाम फुटला, तो पैशांचा नव्हता. घरी एकही वाडगा मोडलेला नव्हता.

“हे काय?” श्यामलाबाईंनी विचारलं.

“भेट आली. ऑफिसातल्या एकाने दिली.”

“कोणी?”

माणूस खोटं बोलायला लागला की जिभेवर सगळ्यात लांबचा माणूस येतो. अवधूत पोंक्षे खात्यातून निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती आणि ते मुलीकडे नांदेडला राहायला गेले होते.

“पोंक्ष्यांनी.”

पोंक्षे हे खात्यातलं नावाजलेलं प्रकरण होतं. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाला चहा पाजल्याची नोंद नव्हती. स्वतःच्या मुलीच्या लग्नाचे पेढे त्यांनी अर्धे करून वाटले होते. श्यामलाबाईंना हे सगळं माहीत होतं. त्यांनी वाडगा दिव्याखाली धरला.

“तरीच वाकडा,” त्या म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी मांजरी गावात श्यामलाबाईंच्या मामेभावाच्या मुलीचं लग्न होतं. आलेल्या भेटी पुढे फिरवायच्या हा काही श्यामलाबाईंचा एकटीचा दोष नव्हे. पुण्यात काही चादरी अशा आहेत की त्या चार पेठा फिरून मूळ मालकाकडे परत आल्या आहेत. वाडगा खोक्यात गेला, खोक्याला पिवळा कागद लागला आणि खांबेट्यांनी तो स्वतःच्या हाताने नवऱ्यामुलाला दिला. पुढे दिवाळीत ते त्या घरी गेले तेव्हा वाडगा दिवाणखान्यात होता. त्यात मोबाईलचे चार्जर आणि रबरबँड होते. खांबेटे त्याच्यासमोर तासभर बसले. यजमानांना वाटलं, काकांना आपली नवी सोसायटी आवडली.

त्यांना त्यानंतर आयुष्याकडून एकच गोष्ट पाहिजे होती. आणलेली वस्तू आपल्या घरात राहावी.

त्याला उपाय होता, आणि तो प्रत्येक मराठी स्वयंपाकघरात उपडा घालून ठेवलेला असतो. ज्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घातलेलं आहे ते भांडं पुढे देता येत नाही. आणि नाव घातलेलं असलं की भांडं कुठून आलं हे कुणी विचारतही नाही. कोर्टात साक्षीदार फिरेल, पण पातेल्यावरचं ‘यांजकडून सप्रेम भेट’ फिरत नाही. पुढच्या जानेवारीत खांबेट्यांनी मेळ्यातून ठोक्याचं एक तांब्याचं तबक घेतलं आणि ते घरी न नेता थेट बोहरी आळीत नेलं. तिथे एका भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर कचरू गांगुर्डे नावाचे गृहस्थ विजेचं पेन घेऊन बसत. तीस वर्षं ते लोकांच्या भांड्यांवर नावं घालत होते.

“काय लिहू?” कचरूंनी विचारलं.

“श्री. व सौ. अवधूत पोंक्षे, नांदेड, यांजकडून सप्रेम भेट.”

“आपण पोंक्षे?”

“नाही.”

कचरूंनी पेन खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे बघितलं. खांबेट्यांनी जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते पायरीवर बसून सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “कुणाला बोलू नका.”

“साहेब, कुणी कुणाला काय दिलं हे मी बोलायला लागलो तर अर्ध्या पुण्यातल्या सोयरिकी मोडतील.” कचरूंनी तबक उपडं केलं. “मात्र हे चांगलं काम आहे हं. ठोके बघा, एकावर एक नाही. नाव कोपऱ्यात बारीक घालतो. मधे घातलं तर त्याचा अपमान होईल.”

कचरूंचं अक्षर सुंदर होतं. हे खांबेट्यांच्या लक्षात आलं, कारण आता त्यांचं लक्ष अशा गोष्टींकडे जायला लागलं होतं.

पुढे तो रिवाजच पडला. जानेवारीत मेळा, मेळ्यातून बोहरी आळी, बोहरी आळीतून घर. देणारे मधूनमधून बदलावेत असा खांबेट्यांचा विचार होता, पण श्यामलाबाईंची स्मरणशक्ती पाहता दुसरं कुठलंच नाव सुरक्षित नव्हतं. त्यामुळे दर वर्षी पोंक्षेच देत राहिले. कारण काय, तर पोंक्ष्यांच्या सौ. संक्रांतीचं वाण म्हणून पाठवतात आणि स्वारगेटला राहणारा त्यांचा भाचा ते आणून देतो. असा भाचा पोंक्ष्यांना नव्हता. करोनाची दोन वर्षं मेळा भरला नाही, तेव्हा पोंक्ष्यांकडूनही काही आलं नाही. श्यामलाबाई म्हणाल्या, “बरी असतील ना हो ती दोघं?” खांबेट्यांना त्या रात्री झोप लागली नाही.

असं करत सात वस्तू जमल्या. तबक, कान नसलेल्या कपांची जोडी, बांबूचा दिवा, झाकणाची एक बरणी, काचेची मीठदाणी, लाकडी डबी, पितळी डाव. बांबूवर पेन चालेना तेव्हा कचरूंनी तापल्या सळईने पोंक्षे डागले. श्यामलाबाई रिकामी वस्तू ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. बरणीत चिंच गेली, कपांत लसूण, डबीत गोळ्या, आणि बांबूचा दिवा बाल्कनीत टांगून त्यात चिमटे. खांबेट्यांची तक्रार नव्हती. घरात होत्या, एवढं पुरे होतं.

आणि आलेल्याला परत देणं हेही रिवाजात असतंच. दर संक्रांतीला श्यामलाबाई तिळाच्या वड्यांचा एक डबा वेगळा काढत. “नांदेडला पाठवा. पोंक्ष्यांबद्दल आपण उगीच वाईट बोलायचो. माणूस उतारवयात सुधारतो.” खांबेटे तो डबा घेऊन निघत आणि बोहरी आळीत कचरूंना देत. कचरूंच्या घरी त्या वड्यांचं नावच ‘नांदेडच्या वड्या’ पडलं होतं.

गुरुवारी पाच ते सहा श्यामलाबाई गीतापठणाला जात. त्या फाटकाबाहेर पडल्या की खांबेटे सुरुचीच्या बरणीतली चिंच वर्तमानपत्रावर उपडी करत, बरणी धुऊन पुसत आणि खिडकीत उन्हाला ठेवत. मग समोर खुर्ची घेऊन बसत. उन्हाने बरणीचा निळा रंग हळूहळू बदले. पावणेसहाला चिंच पुन्हा आत. ही एक गोष्ट सोडली तर त्या तासात त्यांनी काहीही केलं नाही. शेजारी कुणीतरी असावं आणि त्याला नुसतं “बघ” म्हणावं, असं त्यांना फार वाटे. तेवढ्यापुरते ते एकटे होते, आणि त्याचं त्यांना वाईट वाटे.

“ह्या बरणीत चिंचेला बुरशी का धरते कळत नाही,” श्यामलाबाई म्हणत. “पोंक्ष्यांचीच बरणी.”

यंदा जानेवारीच्या सुरुवातीला खांबेट्यांच्या फोनवर एक आमंत्रणपत्रिका आली. अवधूत पोंक्षे आता मुलाकडे हिंजवडीला राहायला आले होते आणि त्यांची पंचाहत्तरी होती. स्नेहभोजन. खाली ठळक अक्षरांत, कृपया आहेर आणू नये. खांबेटे ती पुसून टाकणार इतक्यात चष्मा शोधायला आलेल्या श्यामलाबाईंनी ती वाचली.

“जायचंच,” त्या म्हणाल्या.

“हिंजवडी. ट्रॅफिक किती असतो माहितीय ना? सकाळी निघालो तर रात्रीच्या जेवणाला पोचू.”

“स्नेहभोजन संध्याकाळीच आहे.”

“आहेर आणू नये लिहिलंय.”

“ते आणणाऱ्यांसाठीच लिहितात. अहो, इतकी वर्षं त्या माणसाने दिलं. आपण काय दिलं? वड्या. तसंच काहीतरी, त्याच तोडीचं दिलं पाहिजे.”

खांबेट्यांना वाटलं, हे दोन दिवसांत विरेल. पण संक्रांतीनंतरच्या गुरुवारी वर्तमानपत्रात मेळ्याची बातमी छापून आली, आणि बातमीच्या वर जो फोटो होता त्यात बरण्या होत्या. श्यामलाबाईंनी फोटो बघितला. मग स्वयंपाकघरात जाऊन चिंचेची बरणी बघितली. पुन्हा फोटो.

“पोंक्षे इथूनच घेत असणार,” त्या म्हणाल्या. “उद्या जाऊ. बरणी बरोबर नेऊ, म्हणजे तोडीचं कळेल.”

“तिकीट आहे तिथे.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“असणार.”

शुक्रवारी सकाळी अकराला ती दोघं रिक्षातून उतरली. श्यामलाबाईंच्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळलेली बरणी. फाटकावरच्या रखवालदाराने खांबेट्यांना बघून हात वर केला. “या काका! यंदा पहिल्याच दिवशी नाही आलात?” खांबेट्यांनी मागे वळून तो दुसऱ्या कुणाला म्हणतोय का ते बघितलं. मागे श्यामलाबाई होत्या.

आत तांबटकामाच्या टेबलावरून “नमस्कार काका” आलं. काचवाल्याने नुसती मान हलवली. बांबूवाला उठून उभा राहिला. खांबेटे चपलेकडे बघत चालत होते. बत्तीस वर्षांत खात्यात त्यांना कुणी असं ओळखलं नव्हतं आणि आज त्यांना कुणीच ओळखायला नको होतं. ते सुरुचीच्या टेबलावरून पुढे सरकले, पण श्यामलाबाई बरण्या बघून तिथेच थांबल्या.

“काकू!” सुरुची टेबलामागून बाहेर आली. दहा वर्षांत तिचे केस थोडे पांढरे झाले होते. “तुम्ही श्यामलाकाकू ना? काका, आणलंत शेवटी! काकू, तुमच्याबद्दल किती ऐकलंय.”

“काय ऐकलंय?” श्यामलाबाईंनी विचारलं.

“की काका वस्तू घरी नेतात आणि तुम्ही ती आधी खिडकीत नेऊन बघता. दोघं बसून बघता. काका सांगतात ना दर वर्षी. हिला निळा आवडतो, हिने कपांना कान नाहीत ते लगेच ओळखलं. मी तर माझ्या नवऱ्याला सांगते, असं घर पाहिजे.”

खांबेट्यांनी मंडपाचा खांब धरला. घरी पोंक्षे रचले होते तशा इथे त्यांनी श्यामलाबाई रचल्या होत्या, आणि दोन्हींपैकी हे दुसरं खोटं त्यांना जास्त प्रिय होतं. श्यामलाबाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला, टॉवेलातून बरणी काढली आणि टेबलावर ठेवली.

“ही माझी!” सुरुचीने ती उचलली, सवयीने उपडी केली आणि वाचलं. तिने दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मोठ्याने. “श्री. व सौ. अवधूत पोंक्षे, नांदेड, यांजकडून सप्रेम भेट.” तिचा चेहरा उतरला. “पण काका, ही तर तुम्ही घेतली होती. मेळा बंद होईपर्यंत उभे होतात, मला आठवतंय. हे पोंक्षे कोण?”

दोघी आता त्यांच्याकडे बघत होत्या.

“ते नांदेडला असतात,” खांबेटे म्हणाले. मग त्यांना वाटलं की अचूक सांगावं. “आता हिंजवडीला आलेत.”

श्यामलाबाईंनी बरणी परत घेतली, टॉवेलात गुंडाळली आणि सुरुचीला विचारलं, “हे किती वर्षं येतात इथे?”

“पहिल्यापासून. पहिला वाडगा माझाच नेला होता. वाकड्या काठाचा. तो कसा आहे, काकू?”

श्यामलाबाईंनी छत्तीस वर्षं वर्गात खोटं पकडलं होतं. स्वतः मात्र कधी बोलल्या नव्हत्या.

“आहे,” त्या म्हणाल्या. “छान आहे.”

परतीच्या रिक्षात त्यांनी बरणी मांडीवर धरली होती. स्वारगेटच्या सिग्नलला रिक्षा वीस मिनिटं अडकली तरी ती खाली ठेवली नाही. खांबेटे मधे एकदा “अगं” म्हणाले, तेव्हा त्यांनी बरणीवरचा टॉवेल नीट केला. रात्री पानं वाढल्यावर आमटीचा डाव हातात धरून श्यामलाबाईंनी एवढंच विचारलं, “वड्या कोण खात होतं?”

“कचरू गांगुर्डे.”

“ते कोण?”

“बोहरी आळीत नावं घालतात.”

“सगळ्या?”

“घरचे मिळून.”

श्यामलाबाईंनी आमटी वाढली. डावावर पोंक्षे होते.

शनिवारी सकाळी खांबेटे दूध घेऊन आले तेव्हा घरात कुणी नव्हतं. फडताळात चिंच स्टीलच्या डब्यात होती, लसूण टोपलीत, गोळ्या बशीत. बाल्कनीत चिमटे दोरीला एका रांगेत लावलेले. सातही वस्तू गेल्या होत्या, आणि मोठ्या दोन पिशव्याही. खांबेटे खुर्चीत बसले. त्यांना मांजरी आठवली, पिवळा कागद आठवला. पण नाव घातलेली वस्तू कुणाला देता येत नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि समजावता समजावता त्यांच्या लक्षात आलं की नाव खोडता येतं. नाव खोडलं की वस्तू मोकळी. त्यांनी फोन उचलला.

“कचरूभाऊ, कुणी आलं होतं का?”

“साहेब, गिऱ्हाइकाचं मी बोलत नाही. तुम्हाला माहितीय.”

“म्हणजे आल्या होत्या.”

पलीकडे पेनाची घरघर चालू होती. “वड्या ताज्या आहेत यंदा,” कचरू म्हणाले आणि फोन ठेवला.

खांबेट्यांनी दुपारी जेवण केलं नाही. वस्तू गेल्याचं दुःख होतंच, पण ते त्यांनी पूर्वीही सोसलं होतं. छत्तीस वर्षांच्या संसारात आपण बायकोला दहा वर्षं खोटं सांगितलं, आणि खरं सांगितलं ते बोहरी आळीतल्या पायरीवर, ही गोष्ट त्यांना आज पहिल्यांदा सरळ दिसली. त्यांना स्वतःची लाज वाटली.

चार वाजता श्यामलाबाई आल्या. पिशव्या टेबलावर ठेवल्या, पाणी प्यायल्या, चहाचं आधण ठेवलं. मग एकेक वस्तू काढून त्यांनी टेबलावर उपडी मांडली. वह्या परत देताना मांडाव्यात तशी.

खांबेट्यांनी तबक उचललं. कोपऱ्यातल्या बारीक ओळीवरून एक सरळ रेघ गेली होती. खालचं पोंक्षे स्वच्छ वाचता येत होतं. खोडताना मूळ मजकूर दिसला पाहिजे हा त्यांच्याच खात्याचा नियम होता. रेघेखाली त्याच सुंदर अक्षरात दोन शब्द होते. ‘ह्यांनी आणले.’ आणि पुढे दुरुस्ती केल्याची सही, ‘श्या.’ बरणीवर तेच. मीठदाणीवर तेच. बांबूवर डागून.

“रेघेचे पैसे घेतले नाहीत त्यांनी,” श्यामलाबाई म्हणाल्या. “अक्षराचे घेतात, म्हणून नाव नाही घातलं. ‘ह्यांनी’ म्हटल्यावर कळतं. आणि चिंच का बुरसते तेही कळलं.”

“पोंक्ष्यांना मग काय द्यायचं?” तबक हातात धरूनच खांबेट्यांनी विचारलं.

“कृपया आहेर आणू नये असं लिहिलंय ना? कधीतरी लोकांचं ऐकावं. जाऊ, जेवू आणि येऊ.”

मग त्यांनी दुसऱ्या पिशवीच्या तळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं आणखी काहीतरी काढलं आणि त्यांच्या पुढ्यात सरकवलं. खांबेट्यांनी कागद सोडला. राखाडी वाडगा. काठ वाकडा, पण बाक पहिल्यासारखा नव्हता, जरा डावीकडे होता. त्यांनी तो उपडा केला. खाली नवी कोरी, न खोडलेली ओळ होती. ‘श्री. व सौ. अवधूत पोंक्षे, हिंजवडी, यांजकडून सप्रेम भेट.’

“हे काय?”

“पोंक्ष्यांनी दिलाय,” श्यामलाबाई म्हणाल्या. “आपल्या घरात मोडल्याशिवाय नवी वस्तू विकत आणत नाहीत. भेट आली तर माणूस काय करणार?”

खांबेट्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला काहीतरी करावं म्हणून ते उठले आणि टोपलीतला लसूण मुठीत घेऊन वाडग्याकडे आले.

“लसूण नको.”

“मग काय ठेवायचं ह्यात?”

“काही नाही,” श्यामलाबाई म्हणाल्या. “नुसता ठेवायचा.”

त्यांनी वाडगा नेऊन खिडकीत उन्हाला ठेवला आणि खुर्ची ओढली. एक स्वतःला, एक त्यांना. त्या दिवशी गुरुवार नव्हता. दोघं बसली ती आत चहा उतू जाऊन गॅस विझल्याचा वास येईपर्यंत उठली नाहीत.